गुलाबाचे अत्तर, खानदेशचे रोशा आणि आपला शेतकरी

गुलाबाची बाग करणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. लग्नसराई सरली, सणवार संपले, किंवा बाजारात आवक वाढली, की फुलांचा भाव इतका घसरतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा वेळी शिल्लक फुले उकिरड्यावर टाकण्यापेक्षा त्यांचे अत्तर काढले तर काय वाईट? गुलाबाच्या तेलास किलोमागे कित्येक लाख रुपये मिळतात असे सर्वत्र सांगितले जाते. मग ज्याच्या दारात फुलांचा ढीग पडला आहे त्याने हात चोळीत का बसावे? प्रश्न इतका सरळ आहे की त्याचे उत्तरही सरळ असेल असे वाटते. तसे ते नाही, आणि ही गोष्ट वेळीच न सांगितल्यामुळे कष्टाळू माणसांचे नुकसान झालेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एक तरुण बागायतदार गेल्या वर्षी मला भेटावयास आले. त्यांचे अर्ध्या एकराचे हरितगृह आहे व त्यात लाल गुलाबाचे उत्तम पीक निघते. २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली, मंदिरे व मंगल कार्यालये बंद पडली, आणि ऐन भरातील फुले त्यांनी महिनाभर टोपल्यांनी बांधावर नेऊन ओतली. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे कोणा विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्यांनी कर्ज काढून ८० किलो फुले मावतील असे तांब्याचे ऊर्ध्वपातनाचे भांडे घेतले. पहिल्या दिवशी भांडे भरून फुले घातली, दिवसभर जाळ केला, आणि सायंकाळी हाती आले ते शिजवलेल्या पाल्यासारखा वास येणारे पाणी. तेलाचा टिपूसही दिसला नाही. असे त्यांनी सहा वेळा केले. सातव्या वेळी ते भांड्याऐवजी एक बाटली घेऊन माझ्याकडे आले व म्हणाले, “साहेब, जाळ कमी पडला की जास्त झाला, एवढेच सांगा.”

जाळ कमीही पडला नव्हता व जास्तही झाला नव्हता. चूक त्यांच्या हातची नव्हतीच. फुले वेगळी होती, भांडे अपुरे होते, आणि हिशेब मुळातच कोणी त्यांच्यापुढे मांडला नव्हता. तो हिशेब येथे मांडावा, व त्यावरून निघणारे आमचे मत कोणताही आडपडदा न ठेवता सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण या धंद्यातील पुष्कळ गैरसमज इतिहासातूनच आले आहेत. आपण ज्या फुलास गुलाब म्हणतो त्याचे नाव वस्तुतः फुलाचे नव्हेच. फारसी भाषेत ‘गुल’ म्हणजे फूल व ‘आब’ म्हणजे पाणी. तेव्हा ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. इराणातून पाणी आले, त्यामागून झाड आले, आणि आपल्या पूर्वजांनी पाण्याचेच नाव झाडास देऊन टाकले. हाच शब्द अरबीत जाऊन ‘जुलाब’ झाला. औषध पाजण्यासाठी वापरावयाच्या गोड सरबतास तो लावीत, आणि पुढे औषधाच्या परिणामासच तो चिकटला. मराठीत हे दोन्ही शब्द सुखाने नांदत आहेत व त्यांचे नाते कोणाच्या ध्यानातही येत नाही. सांगावयाचे ते इतकेच, की गुलाबापासून प्रथम जी वस्तू बनली व शेकडो वर्षे देशोदेशी विकली गेली ती तेल नसून पाणी होती. नवव्या शतकात बगदाद येथील अल् किंदी या पंडिताने सुगंधी द्रव्यांवर व ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा गुलाबपाण्याची कृती जाणकारांस ठाऊक झालेली होती. गुलाबपाण्याचे श्रेय पुष्कळ ठिकाणी इब्न सीना यास दिले जाते. पण तो त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी झाला.

तेलाची कथा नूरजहानशी जोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. बादशाही हौदात गुलाबपाणी भरले, उन्हाने त्यावर तवंग आला आणि नूरजहानने तो बोटाने टिपला, असे कथेकरी सांगतात. जहांगीर बादशहाने स्वतःच्या आत्मवृत्तात, १६१४ च्या सुमाराच्या नोंदीत, वेगळेच लिहिले आहे, आणि ते शेतकऱ्याने लक्ष देऊन ऐकण्याजोगे आहे. हा शोध नूरजहानच्या आईचा, अस्मत बेगमचा. ती गुलाबपाणी काढवीत असता सुरयांतून गरम पाणी पसरट ताटांत ओतले जाई, तेव्हा त्यावर पातळ साय जमे. ती साय तिने थोडीथोडी करून गोळा केली. पुष्कळ पाणी काढले तेव्हा कोठे दाखविण्याइतका साठा जमला. बादशहाने तिला मोत्यांचा हार दिला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्या द्रव्यास ‘इत्र-इ-जहांगिरी’ हे नाव ठेवले. युरोपातही त्यापूर्वी असा तवंग पाहिल्याची नोंद आहे, तेव्हा पहिला मान कोणाचा या वादात आपणांस शिरण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की पाणी पुष्कळ व तेल किंचित, हे प्रमाण मोगलांच्या ताटात होते तेच आजच्या पोलादी संयंत्रातही आहे.

पुढे गंगेच्या काठी गाझीपूर येथे गुलाबाची मोठी लागवड झाली. १८२४ साली बिशप हेबर हा प्रवासी त्या गावावरून गेला व तेथील गुलाबाच्या शेतांचे आणि अत्तराच्या धंद्याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात केले. आज ते वैभव गाझीपुरात उरलेले नाही. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातील हसायन व अलीगढचा आसमंत, राजस्थानात पुष्कर व हळदीघाट, हे आता अत्तराच्या गुलाबाचे मुलूख. आणि अत्तर काढण्याची राजधानी म्हणून कनौजचे नाव अद्याप टिकून आहे.

भारताबाहेर पाहू गेल्यास बल्गेरियातील काझान्लिक खोरे अग्रभागी येते. तुर्की अमदानीत, सतराव्या शतकापासून, तेथे गुलाबाची शेती रुजली. १९०७ साली काझान्लिक येथे गुलाबासाठी प्रयोगक्षेत्र सुरू झाले, त्याचेच पुढे संशोधन संस्थेत रूपांतर झाले. १९४७ च्या अखेरीस हा धंदा सरकारने ताब्यात घेतला. १९८९ नंतर तो पुन्हा खासगी झाला व जमिनीच्या वाटपाच्या घोळात कित्येक बागा ओस पडल्या. तुर्कस्तानात इस्पार्ता येथील लागवड तर एका माणसाच्या चिकाटीतून उभी राहिली. इस्माईल एफेंदी या गृहस्थाने १८८८ साली काझान्लिकहून रोपे आणून लावली आणि १८९२ साली पहिले तेल काढले. त्याच इस्पार्तात १९५४ साली गुलाब उत्पादकांच्या सहकारी संस्थांचा संघ स्थापन झाला. ‘गुलबिर्लिक’ हे त्याचे नाव, आणि तो आजही स्वतःचे कारखाने चालवितो. या संघाची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

आता फुलाकडे वळू. काझान्लिक, इस्पार्ता, इराणातील काशान व आपले कनौज या सर्व ठिकाणी अत्तरासाठी जो गुलाब लावतात त्यास दमास्क गुलाब म्हणतात. शास्त्रीय नाव रोझा डॅमासेना. आपल्याकडे त्यालाच चैती गुलाब म्हणतात, कारण उत्तरेत तो फाल्गुन-चैत्रात तीन-चार आठवडे फुलतो व मग वर्षभर पाने मिरवीत उभा राहतो. त्याच्या वंशाविषयी पूर्वी पुष्कळ तर्क होते. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी वंशद्रव्याची तपासणी करून दाखविले की त्यात तीन जातींचे रक्त आहे: कस्तुरीगंधी मोश्चाटा, फ्रान्सकडील गॅलिका व मध्य आशियातील फेडश्चेंकोआना. दिसावयास हे फूल साधेच. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचे, देठ आखूड, आणि खुडल्यावर काही तासांत मान टाकणारे. फुलदाणीत कोणी त्यास ठेवणार नाही.

हरितगृहातील गुलाबाची गोष्ट नेमकी उलट आहे. लांब दांडा, घट्ट कळी, शीतगृहात व मोटारीच्या प्रवासात आठ-दहा दिवस टिकण्याची ताकद, एकसारखा रंग, या गुणांसाठी त्याची निवड पिढ्यानुपिढ्या झाली, आणि या निवडीत सुगंध मागे पडला. उघड्यावरील ‘ग्लॅडिएटर’सारख्या जातींस थोडाफार वास असतो, पण नाकाला लागणारा वास आणि भांड्यातून निघणारे तेल यांत फार अंतर आहे. ज्या फुलात तेलाचा अंश नाही ते कितीही शिजविले तरी तेल कोठून येणार? आमच्या तरुण मित्राच्या सहा घाण्यांचे रहस्य एवढेच होते.

बरे, दमास्क गुलाबच लावला तर? येथे आकडे बोलू लागतात. एक किलो तेलास सुमारे ३,००० ते ४,००० किलो फुले लागतात. एका फुलाचे वजन दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे किलोत चारशे-पाचशे फुले भरतात. सरासरी धरली तरी एक किलो तेलामागे पंधरा लक्ष फुले हाताने खुडावी लागतात. चांगल्या बागेत, तिसऱ्या वर्षापासून पुढे, हेक्टरी दोन ते चार टन फुले मिळतात. सारांश, हेक्टरभर जमीन, दोन वर्षांची प्रतीक्षा व महिनाभराची पहाटेची धावपळ, इतके झाल्यावर पदरात पडणार ते बहुधा किलोपेक्षाही कमी तेल. त्या ८० किलोच्या भांड्यात उत्तम चैती गुलाब घातला असता तरी वीस-पंचवीस ग्रॅमच निघाले असते, आणि तेही पन्नास-साठ लिटर पाण्यावर तेलकट झाकेसारखे पसरलेले! ते वेगळे करण्यास निमुळत्या मानेचे विभाजक पात्र लागते. विक्रेत्याने ते दिलेच नव्हते.

पहाटेची धावपळ म्हटले, ते शब्दशः घ्यावे. फूल उमलते त्या प्रहरी त्यात तेल सर्वाधिक असते. ऊन चढू लागले की ते उडून जाऊ लागते, आणि दुपारपर्यंत पुष्कळ भाग नाहीसा होतो. म्हणून तोडणी उजाडता सुरू करून आठ-नऊ वाजेपर्यंत आटोपतात. तोडलेले फूल पोत्यात दाबून ठेवले तर आतून तापते व आंबते. ते त्याच दिवशी, शक्य तर दोन-चार तासांत, भट्टीवर चढले पाहिजे. भट्टी वीस कोसांवर असून चालत नाही. मंडईतून न विकली जाऊन दुपारी परत आलेली फुले अत्तरास का चालत नाहीत, याचे उत्तर यातच आले.

कनौजची पद्धत पाहिली तर तिच्यामागची शहाणीव लक्षात येते. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले व पाणी घालतात, वर सरपोश बसवून माती व कापूस यांच्या लेपाने तोंड पक्के करतात. दोरी गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे पात्र. ते पाण्याच्या हौदात बुडविलेले असते. या भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. वाफ थिजली की तिच्यातील गुलाबाचा अंश चंदनाच्या तेलात मुरतो, पाणी खाली राहते, ते काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा देगेत घालतात. असे कित्येक दिवस नवी नवी फुले घालून केल्यावर चंदन तृप्त होते. हे झाले गुलाबाचे अत्तर. निखळ गुलाबतेल ते वेगळे, त्यास ‘रूह गुलाब’ म्हणतात. थोड्या फुलांतून निघणारे चिमूटभर तेल वाया जाऊ नये म्हणून ज्यांनी ते चंदनात धरून ठेवण्याची युक्ती काढली, त्या कारागिरांपुढे मान लववावी असेच कोणासही वाटेल. परंतु चंदन महाग झाले तसे त्याच्या जागी द्रव पॅराफिन व तत्सम रासायनिक द्रव्ये वापरण्याची चाल पडली, आणि अत्तर हे नाव घेताच ग्राहक साशंक होऊ लागला. कनौजच्या अत्तरास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे, व १९९१ पासून तेथे सुगंध व स्वाद विकास केंद्र काम करीत आहे. तरीही विश्वास गमावण्यास जितका काळ लागतो त्याच्या कितीतरी पट तो परत मिळविण्यास लागतो.

बल्गेरियात आधी फुलांसह पाणी उकळून सुगंधी पाणी काढतात आणि मग ते पाणीच पुन्हा ऊर्ध्वपातित करून त्यात विरघळलेले तेल मिळवितात. हे दुसरे पातन गाळले तर बहुतेक तेल पाण्यातच राहून जाते. फेनिल एथिल अल्कोहोल हा गुलाबाच्या वासाचा एक प्रमुख घटक पाण्यात सहज विरघळतो. म्हणून काढलेल्या तेलात तो अल्प, आणि गुलाबपाण्यात मात्र भरपूर. ताज्या फुलाचा भास तेलापेक्षा पाण्यात अधिक होतो तो यामुळेच. फ्रान्समधील ग्रास येथे वेगळ्या जातीच्या, सेंटिफोलिया गुलाबापासून, हेक्सेनसारख्या द्रावकाने मेणासारखा ‘काँक्रीट’ नावाचा अर्क काढतात व तो मद्यार्काने धुऊन ‘ॲब्सोल्यूट’ बनवितात. तीन-चारशे किलो फुलांस किलोभर काँक्रीट मिळते, हे प्रमाण मोहक आहे; परंतु ज्वालाग्राही द्रावकाचा कारखाना हे शेतकऱ्याच्या परसातील काम नव्हे.

या साऱ्या कथेत महाराष्ट्राचा म्हणून एक धागा आहे, आणि तो बहुतेकांस ठाऊक नाही. सातपुड्याच्या कुशीत, शहादा, तळोदा, अक्राणी, नंदुरबार, पिंपळनेर या भागांत रोशा गवत पूर्वापार उगवते. त्यास कोणी तिखाडी असेही म्हणतात. पावसाळा सरल्यावर ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. १८७४ साली फ्ल्युकिगर व हनबरी यांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ निघाला, त्यात खानदेशच्या या धंद्याची नोंद आहे. हे तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राच्या बंदरांत व तेथून तुर्कस्तानात जाई. इस्तंबूलच्या बाजारात ते ‘इदरीस याघी’ या नावाने मिळे. तेथे लिंबाचा रस मिसळलेल्या पाण्याने धुऊन, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करीत आणि काझान्लिककडे पाठवीत. रोशा तेलाचा चार हिश्शांपैकी तीन किंवा त्याहून अधिक भाग जिरॅनिऑल हे द्रव्य असते, व तेच गुलाबाच्या तेलाचेही एक मुख्य अंग. काझान्लिकचे भट्टीवाले हे तेल फुलांवर शिंपडून मग भट्टी लावीत. मिळून निघालेले तेल गुलाबाचे म्हणून पॅरिस-लंडनला जाई.

ही लबाडी उघडकीस कशी येई हेही पाहण्याजोगे आहे. शुद्ध गुलाबतेलात मेणासारखा एक भाग असतो, त्यामुळे वीस अंशांच्या आसपास उतरताच ते गोठू लागते. रोशा तेल मिसळले की गोठण्याचा बिंदू खाली जातो. व्यापारी बाटली थंड पाण्यात धरून पाहू लागले, तेव्हा लबाडांनी देवमाशाच्या डोक्यातील मेण घालून तेही साधले. आज वायुवर्णलेखनाच्या यंत्रापुढे असल्या युक्त्या टिकत नाहीत. गुलाबतेलास ‘आयएसओ ९८४२’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१४ साली बल्गेरियाच्या तेलास युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले, आणि २०२० पासून त्या देशात अत्तराच्या गुलाबासाठी स्वतंत्र कायदा अमलात आहे.

पण आमचे मन अडते ते खानदेशापाशी. ज्या आदिवासी व गरीब माणसांनी ओढ्याकाठी धुरात डोळे लाल करून ते तेल काढले, त्यांच्या मालास परक्या मुलखात स्वतःचे नावही नव्हते. तो दुसऱ्याच्या नावाखाली, भेसळ म्हणून खपला. आज परिस्थिती पालटली आहे. साबण, अगरबत्ती, सौंदर्यप्रसाधने यांच्या कारखान्यांस रोशा तेल रोशा तेल म्हणूनच हवे असते. जगाच्या बाजारात त्यास ‘पामरोझा’ या नावाने उजळ माथ्याने विकता येते. असे असता आपल्या शेतकऱ्याने हिमाचलाच्या थंडीत रमणाऱ्या फुलामागे कर्ज काढून धावावे आणि बांधावरच्या गवताकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस पटत नाही.

हे म्हणताना आम्ही गुलाबाचे वैरी नाही. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने ‘ज्वाला’ व ‘हिमरोज’, आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘नूरजहान’ व ‘राणीसाहिबा’ या दमास्क गुलाबाच्या सुधारित जाती दिल्या आहेत. हिमाचल व काश्मीर येथे या पिकास चांगले दिवस येण्याजोगी हवा आहे. दमास्क गुलाबास हिवाळ्यात विश्रांती देणारी खरी थंडी लागते. उत्तरेच्या मैदानात ती मिळते, दख्खनच्या पठारावर ती अल्पकाळ टिकते व काही वर्षी जवळजवळ नसतेच. म्हणून आपल्या राज्यात हा गुलाब आधी कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रावर व काही निवडक गावांत लावून, निदान चार हंगाम फुले व तेल तोलून पाहावे, आणि मगच त्याची शिफारस करावी. खात्यातील आम्हां मंडळींकडूनही येथे उणीव राहते, ती कबूल केली पाहिजे. भट्टीचे प्रात्यक्षिक दाखविताना आपण ज्योत दाखवितो, नळीतून पडणारी धार दाखवितो, टाळ्या पडतात. परंतु किती किलो फुले घातली व किती ग्रॅम तेल निघाले हे फळ्यावर लिहीत नाही. ते लिहिले असते तर आमच्या तरुण मित्राचे कर्ज वाचले असते.

ज्यांस गुलाबातूनच काही करावयाचे आहे त्यांनी तेलाचा नाद सोडून पाण्याकडे वळावे. देशी सुवासिक गुलाब, विशेषतः ‘एडवर्ड’ म्हणून ओळखला जाणारा, थोड्या क्षेत्रावर लावून गुलाबपाणी व गुलकंद करता येतो. लग्नमांडवात गुलाबदाणी फिरविण्याची चाल अद्याप गेलेली नाही, व बाजारातील पुष्कळसे ‘गुलाबजल’ हे पाण्यात कृत्रिम वास मिसळून केलेले असते. खऱ्या मालास ओळखणारे गिऱ्हाईक थोडे असले तरी ते पैसे देते. एक इशारा मात्र आवर्जून द्यावासा वाटतो. हरितगृहातील फुलांवर कीड व भुरी यांसाठी ज्या औषधांच्या फवारण्या होतात त्या खाण्याच्या पिकासाठी नव्हेत. अशा फुलांचा गुलकंद करून विकणे, मग ती फुले कितीही लाल व टवटवीत असोत, हा लोकांच्या जिवाशी खेळ होय. देवळातील निर्माल्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्याची अगरबत्ती करावी, खत करावे, खाद्य करू नये.

आता रोशाचा हिशेब. हिरव्या गवतात तेलाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का. म्हणजे २०० किलो गवतास एक किलो तेल. गुलाबाच्या ३,५०० किलोंशी याची तुलना करावी. भाव अर्थातच फार कमी, किलोस काही हजार रुपये; पण एकदा लावलेले गवत चार-पाच वर्षे टिकते, पाण्याची सोय असल्यास वर्षातून तीन कापण्या देते, आणि हेक्टरी शंभर किलोच्या आसपास तेल मिळू शकते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ते येते. पाणी साचलेले त्यास खपत नाही. फुलोऱ्यात तेल अधिक असते, म्हणून फुलोरा भरात असताना कापावे. कापलेले गवत सावलीत काही तास पडले तरी बिघडत नाही. गुलाबाप्रमाणे पहाटे पळापळ नाही. ‘तृष्णा’, ‘पीआरसी-१’ या जातींचे बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे, कारण रोशाच्या ‘मोतिया’ व ‘सोफिया’ या दोन प्रकारांत दिसावयास फारसा फरक नसतो. तेल मात्र मोतियाचेच उंची. सोफियाचे मिसळले गेले तर सर्व मालाचा भाव उतरतो.

तरीही एकेकट्याने भट्टी घालू नये. आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून चाळीस-पन्नास एकर लागवड असेल तरच वाफेवरील पोलादी भट्टी पूर्ण वेळ चालते व तिचा खर्च निघतो. तेल विकत घेणाऱ्याशी आधी बोलणे करावे, नमुना तपासून घ्यावा, मग भट्टीची वर्गणी काढावी. इस्पार्ताच्या शेतकऱ्यांस १९५४ साली हेच कळून चुकले होते. फूल असो वा गवत, नाशवंत माल घेऊन जो एकटा भट्टीच्या दारात उभा राहतो त्याचा भाव भट्टीवाला ठरवितो. भट्टीच ज्यांच्या मालकीची असते त्यांस दोन घटका थांबता येते, आणि तेल तर कोठीत महिनोन्‌महिने थांबू शकते. साखर कारखाने व दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्रास हे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नसावी.

तेलाचे भाव वरखाली होतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. देशभर सुगंधी गवतांची लागवड वाढली की मंदी येते. म्हणून सारी जमीन रोशाखाली घालण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही; जेथे ज्वारी-बाजरीही धड येत नाही अशा माळाच्या तुकड्यापासून आरंभ करावा.

त्या तरुण बागायतदारांनी आपले तांब्याचे भांडे विकावयास काढले होते, ते आम्ही थांबविले. नमुन्याची घाणी काढण्यास ते उत्तम आहे. त्यात तीस किलोपर्यंत गवत बसेल व दीडशे ग्रॅम तेल निघेल, तेवढे व्यापाऱ्यास दाखविण्यास पुरे. मात्र एकदा रोशा उकळले की त्या भांड्यात पुन्हा गुलाबपाणी काढता येणार नाही, वास जात नाही, हेही त्यांस सांगितले. त्यांनी विहिरीपलीकडच्या दहा गुंठे बरड जमिनीसाठी पाव किलो बी मागविले आहे. मेअखेरीस ते बारीक मातीत मिसळून गादीवाफ्यावर पेरावयाचे, आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की महिन्याभराची रोपे लावावयाची. पहिली कापणी दिवाळीच्या आगेमागे येईल, त्या वेळी गवत व तेल दोन्ही तोलून आकडे कळविण्याचे त्यांनी मान्य केले आहे.